वर आहेर, खाली आराम

आमचे त्र्यंबकमामा दारात आले की "काय चाललंय", "बरे आहात का" असलं काही विचारत नाहीत. पायातले पांढरे स्पोर्ट शूज काढायच्या आधी ते छाती पुढं काढतात, शर्टाची पुढची बाजू दोन बोटांच्या चिमटीत धरून ताणतात आणि विचारतात, "ओळख, कोनाचं?"

शर्ट त्यांच्या अंगात असतो, त्यांच्याच मापाचा असतो, आणि तरीही तो कोणाचा हे मी ओळखायचं असतं. बरोबर ओळखलं तर मामा आत येतात. चुकलं तर दारातच उभे राहून खुणा सांगायला लागतात. "आरं, मे महिन्यातलं लगीन. सायखेड्याला. जिलबी कमी पडली व्हती." मी डोकं खाजवतो. "पंक्तीत तुझा चष्मा मठ्ठ्यात पडला व्हता, आन् तू तसाच डोळ्याला लावला." एवढ्यात शेजारच्या फ्लॅटचं दार किलकिलं होतं. मग मला आठवो न आठवो, मी घाईनं "आलं लक्षात" म्हणतो आणि मामांना आत ओढतो.

त्र्यंबकमामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. मूळ सायखेड्याचे. ओझरला विमानांच्या कारखान्यात नोकरी केली, निवृत्त झाले, आणि पंचवटीत दोन खोल्यांत एकटे राहतात. दर रविवारी सायकलवरून आमच्याकडं गंगापूर रोडला येतात. सत्तरी ओलांडली तरी चढावर उतरत नाहीत. लग्नाचं राहून गेलं. का राहिलं याला धड कारणही सांगता येत नाही. आधी आजोबांचं आजारपण निघालं, मग आजीचं, मग नोकरी पक्की होईना, आणि पक्की झाली तोवर स्थळ सुचवणारी माणसंच म्हातारी झाली होती.

मामांनी आयुष्यात स्वतःसाठी शर्ट विकत घेतलेला नाही. त्यांच्या अंगावरचा प्रत्येक शर्ट आहेराचा. कुणाच्या लग्नातला, कुणाच्या वास्तुशांतीचा, कुणाच्या पोराच्या जावळाचा. आता आहेराचा शर्टपीस हा काय प्रकार असतो ते आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. ती शिवायची वस्तू नाही, फिरवायची वस्तू आहे. एका लग्नात आलेला पीस खोक्यासकट दुसऱ्या लग्नाला जातो, तिथून तिसऱ्या. आमच्या घरी पलंगाच्या खाली अशा पीसची एक मोठी बॅग आहे. ते खातं माझ्या बायकोकडं, मेधाकडं आहे. कोणतं कापड कोणाकडून आलं हे तिच्या डोक्यात असतं, आणि ज्याचं त्याला परत जाऊ नये एवढं एकच पथ्य ती पाळते. त्या बॅगेतले काही पीस माझ्यापेक्षा जास्त लग्नं फिरून आलेले आहेत.

अशा या दुनियेत मिळालेला प्रत्येक पीस शिवून घालणारा माझ्या माहितीत एकच माणूस आहे. "दिलेलं कापड अंगाला लागलं पायजे," मामा म्हणतात. "नायतर देनाऱ्यानं त्याला कुकू लावलं कशाला?" ते कुंकूसुद्धा ते वाया जाऊ देत नाहीत. आहेर देताना कापडाच्या घडीवर कुंकवाचं बोट लावतात ना, तो डाग कॉलरच्या आतल्या बाजूला येईल असं कापड बेतायला ते शिंप्याला सांगतात. भद्रकालीतले मुश्ताकभाई गेली कित्येक वर्षं मामांचे शर्ट शिवतात. ते मला एकदा वैतागून म्हणाले, "साहब, लोक म्हणतात डाग लपवून दे. तुमचे मामा म्हणतात, डाग गळ्यापाशी आणून दे. मी कैंची कशी चालवू?"

आणखी एक. मामा शर्टाला शर्ट म्हणत नाहीत. देणाऱ्याचं नाव तेच शर्टाचं नाव. "आज बापूसाहेब धुवायला टाकलेत." "यमुनाबाईची बटनं सैल झालीत." ऐकून ऐकून आम्हाला सवय झाली आहे, पण बाहेरच्यांना नाही. एकदा माझे सासरे आमच्याकडं आलेले. सकाळी पोहे खात बसलो होतो. मामांचा फोन आला, माझे हात भरलेले म्हणून मेधानं स्पीकर लावला. पलीकडून मामांचा खणखणीत आवाज आला, "भाच्या, तुझा सासरा काखेत उसवला रे. दोनदा रफू केला, आता काय दम ऱ्हायला नाय त्याच्यात. बोहारनीला द्यायला जीव होत नाय, काय करू?"

सासऱ्यांनी घास खाली ठेवला. मी खुलासा करायला गेलो, तर खुलाशात मीच असा काही गुंतलो की त्यांनी उरलेले पोहे गॅलरीत जाऊन खाल्ले.

इथपर्यंत मामा नुसते जुन्या कापडांचे शौकीन वाटतील. पण ते फक्त कंबरेच्या वर. खाली मामा आजचे आहेत, माझ्यापेक्षाही आजचे. आहेराचे पँटपीस गुडघ्यात आणि बैठकीत लवकर दगा देतात, शिवाय कंबर कोणाच्या मापाला बांधील राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून खाली ते सरळ ताणणाऱ्या इलॅस्टिकच्या जॉगर पँटी घालतात, कधी सहा खिशांची कार्गो, आणि पायात पांढरे शूज. मेनरोडच्या पोरांच्या स्टॉलवर त्यांची ऊठबस आहे. नवा माल आला की ती पोरं "मामा, स्ट्रेचेबल आलीय" म्हणून हाक मारतात. वर बदामी टेरिकॉटचा, कॉलरची टोकं खांद्यापर्यंत पोचलेला शर्ट, खाली राखाडी जॉगर. थंडीत वरून हुडी, पण चेन उघडी, आतला माणूस दिसला पाहिजे म्हणून. यामागचं तत्त्व त्यांनी एका ओळीत बसवलंय. "वर आहेर, खाली आराम."

आता माझ्या कपड्यांबद्दल सांगतो, म्हणजे माझी मामांबद्दलची तक्रार काय होती ते कळेल. मी विमा कंपनीत अधिकारी आहे. माझ्याकडं सगळे शर्ट आकाशी रंगाचे आहेत. त्यातले काही फिकट आकाशी आहेत आणि काही धुऊन फिकट झालेले आकाशी आहेत. ऑफिसातला शिपाई मला पाठमोरा बघून तीन वेळा वेगवेगळ्या नावांनी हाक मारतो. असा मी, आणि कॉलेज रोडवर माझ्या शेजारून चालणारे मामा. वर केळीच्या सालीसारखा पिवळा शर्ट, खाली पोपटी कार्गो. समोरून ओळखीचं कुणी आलं की मी दुकानाच्या काचेत फार लक्षपूर्वक बघायला लागायचो. एकदा त्या गडबडीत बायकांच्या अंतर्वस्त्रांच्या दुकानासमोर बराच वेळ थांबलो. तेव्हा ओळखीच्या माणसानं नजर चुकवली ती माझ्यापासून.

आणि एक दिवस सगळं उलटं झालं. माझी मुलगी सई पुण्याला नोकरी करते. एका सुट्टीत ती आली, आणि तिनं मामांचे फोटो काढून कुठंतरी टाकले. संध्याकाळपर्यंत तिच्या मैत्रिणींनी नुसता कल्ला केला. व्हिंटेज! क्लासिक! आजोबांना विचार, हा शर्ट कुठं मिळतो!

"विंटेज म्हंजे काय गं?" मामांनी विचारलं.

"म्हणजे जुनं, पण भारी. मुद्दाम जपून ठेवलेलं. ते नव्याबरोबर घालायची फॅशन आहे आता, मामाआजोबा."

"मंग आहेर म्हन ना सरळ," मामा म्हणाले आणि चहा प्यायले.

खरं सांगतो, मला राग आला. इतकी वर्षं मी ज्यांच्यापासून चार पावलं लांब चालत आलो, ते फॅशनमध्ये आणि मी बाहेर? पुढच्या रविवारी सगळे मिसळ खायला निघालो तेव्हा मी कपाटातून माझ्या लग्नातला कोट काढला. वाइन रंगाचा, सोनेरी बटणांचा. खाली सईच्या आग्रहानं घेतलेली आणि कधी न घातलेली जीन्स. कोट पोटावर लागेना तेव्हा उघडाच ठेवला. उघडा कोट तर आणखी स्टायलिश दिसतो असं मी स्वतःला समजावलं. मेधा फक्त म्हणाली, "मी मागं बसते."

मिसळीच्या हॉटेलाबाहेर गाड्या लावून घेणारा माणूस शिट्टी वाजवत माझ्याकडं धावत आला. "ओ काका, इकडं नाही. लग्न शेजारच्या लॉन्सला आहे. तुमची बाकीची बँड पार्टी मागच्या गेटनं आत गेली."

सई हसता हसता रस्त्यावर खाली बसली. मेधा दुसऱ्याच कुणाच्या तरी कुटुंबात जाऊन उभी राहिली. एकटे मामा गंभीर होते. मिसळीचा पहिला घास झाल्यावर ते मला हळूच म्हणाले, "भाच्या, वरचं जुनं आन् खालचं नवं घातलं म्हंजे झालं असं नसतं. मधल्या मानसाला लाज वाटली नाय पायजे." मी रश्शात पाव बुडवला आणि तर्रीमुळं डोळ्यांत पाणी आलं असं सगळ्यांना वाटू दिलं.

आता एक घोटाळा सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे. मामांना सत्तर पूर्ण झाली तेव्हा आम्ही घरीच छोटा कार्यक्रम केला. मेधानं औक्षण केलं. अर्थात आहेर द्यायचा होता. तिनं बॅगेतून मोरपिशी, बारीक चौकडीचा एक सुंदर पीस काढला आणि त्यावर कुंकवाचं बोट लावलं. एक बोट आधीच लागलेलं होतं. ते आपणच मघाशी लावलं असावं, असं तिला वाटलं. मामांनी पीस हातात घेतला, त्यावरून हात फिरवला, ते दोन ठिपके पाहिले आणि म्हणाले, "वा. लय चांगलं कापड निवडलं."

कार्यक्रम उरकून भांडी आवरताना मेधाच्या हातातून पातेलं निसटलं. "अहो, तो पीस मामांनीच आपल्याला दिला होता! वास्तुशांतीला!"

म्हणजे आम्ही मामांच्या सत्तरीला मामांचाच आहेर मामांना दिला होता. पुढचे कित्येक रविवार मामा दारात आले की मी आधी शर्टाचा रंग बघायचो, आज मोरपिशी घालून येतात आणि विचारतात की काय. पण तो शर्ट काही आला नाही. मामा त्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत आणि आम्ही तर त्याहून नाही. बहुतेक त्यांच्या लक्षातच आलं नसेल, असं मी मेधाला सांगायचो. ज्या माणसाला अर्ध्या जिल्ह्यातले शर्टपीस कुंडलीसकट पाठ आहेत, त्याच्याबद्दल मी हे म्हणत होतो.

यंदा सईचं लग्न ठरलं. मुलगा निनाद, तिच्याच कंपनीतला, साधा आणि हसरा. दोन्हीकडच्यांनी बसून ठरवलं की आहेर द्यायचा नाही, घ्यायचा नाही. मानपान नाही. कुणाच्याही घरी आणखी बॅगा साठायला नकोत. पत्रिकेवर तसं छापूनही घेतलं. ही कल्पना माझी होती असं मी सगळ्यांना सांगत असे, त्यामुळं ती खरंच माझी आहे असं मला वाटू लागलं होतं. एका कार्यालयीन चहापानात मी त्यावर छोटंसं भाषणही ठोकलं. शिवाय लग्नाची व्यवस्था बघणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की घरच्या मंडळींनी सगळ्यांनी पेस्टल रंग घालायचे. पेस्टल म्हणजे काय ते मी विचारलं. मेधा म्हणाली, "तुमचे शर्ट."

"मामांना मात्र तुम्ही जाऊन सांगा," ती म्हणाली. "पत्रिका फोनवर पाठवू नका."

मी दुपारी पंचवटीत गेलो. मामांनी चहा टाकला आणि मी काही बोलायच्या आत लोखंडी कपाट उघडलं. "ये, बरं झालं आलास. सईच्या लग्नात वर कोनाला घालू?"

ते कपाट मी पहिल्यांदाच आतून बघत होतो. सगळे शर्ट इस्त्री करून हँगरला, ज्या क्रमानं ती लग्नं झाली त्या क्रमानं. सगळ्यात डावीकडं एक पांढरा टेरिलीनचा, आता दुधावरच्या सायीच्या रंगाचा झालेला.

"ह्यो तुझ्या बापाचा कान पिळून आनलेला," मामा म्हणाले.

ती हकीकत मला ठाऊक होती. आई-बाबांच्या लग्नात नवरीचा भाऊ म्हणून कान पिळायचा मान मामांचा. मामा तेव्हा शाळेत. कानपिळ्याला नवऱ्यानं कापड द्यायचं असतं, तर बाबांनी चांगला पुऱ्या माणसाचा टेरिलीनचा पीस दिला. आजीनं शिंप्याला बजावलं, पोराचं अंग वाढतंय, एक बोटही कापड वाया घालवू नकोस. शर्ट मामांच्या गुडघ्यापर्यंत आला. काही वर्षं त्यांनी तो असाच लोंबता घातला, मग कधीतरी ते त्यात बसले, आणि अजून बसतात. "तुझ्या बापाचा कान लाल झाला, तरी हसत व्हता. भला मानूस," मामा म्हणाले. बाबाही नाहीत आणि आईही नाही आता. मामांनी शर्टाची कॉलर सरळ केली.

मग मी पेस्टलचं सांगितलं. मामांनी नीट ऐकलं. रंग कळावा म्हणून मी फोनवर नमुना दाखवला. त्यांनी तो फोन टेरिलीनच्या शर्टाशेजारी धरला. "ह्यो चालंल का? आपोआपच झालाय पेस्टल." शर्ट हुबेहूब त्या रंगाचा होता.

"आणि मामा, आहेर नाही ठेवलेला यावेळी," मी घाईनं म्हटलं.

"म्हंजे?"

"म्हणजे द्यायचा नाही, घ्यायचा नाही."

"कोनालाच कापड नाय?"

"कोणालाच नाही."

"बरं," मामा म्हणाले. "चांगलं केलं. उगा पसारा व्हतो." आणि त्यांनी हात लांबवून दांडीवरचा अगदी उजवीकडचा हँगर काढला. तो रिकामा होता. तो ते खाली ठेवू लागले. त्यांना कुठं ठेवावा ते सुचेना. आधी पलंगावर ठेवला, मग उचलून खिडकीत.

आयुष्यात पहिल्यांदा तो प्रश्न मी विचारला. "मामा, हे कोणाचं?"

"सईचं," मामा म्हणाले. "सुपारी फुटली त्या दिसी लावलं व्हतं. ऱ्हाऊ दे आता."

मी म्हणालो, "मामा, आपण जाऊ ना मेनरोडला. तुम्हाला आवडेल ते कापड घेऊ."

"कापड मला घेता येत नाय व्हय?" मामा चिडले नव्हते. चहा ओतता ओतता बोलत होते. "भाच्या, घरात बायको असती तर दिवाळीला तिनं घेतलं असतं, ह्यो रंग तुमाला शोभत नाय म्हनून भांडली असती. पोरगं असतं तर त्यानं पयल्या पगाराचं घेतलं असतं. माझ्यासाठी उठून कापड कोन बघनार? लग्नाकार्यात तेवढं माझं नाव निघतं. 'तिंबकचा पीस काढला का?' असं कुनीतरी घरात वरडतं. तेवढ्यापुरता मी त्यांच्या घरातला आसतो."

"पण मामा, ते सगळं बॅगेतलं..." आणि मी जीभ चावली.

"माहीत हाये रे मला. मी काय येडा हाये का? बॅगंतलंच आसतंय. पन बॅगंत हात घालून कुनीतरी माझं नाव घेतंय का नाय?"

मग ते परत कपाटाशी गेले आणि खालच्या कप्प्यातून त्यांनी एक खोकं काढलं. मोरपिशी, बारीक चौकडीचा पीस, न शिवलेला. "ह्ये घेऊन जा. तुझं हाये."

"माझं कसं? तुमच्या सत्तरीला दिलेलं ना," मी शेवटचा निर्लज्ज प्रयत्न केला.

"तुझ्या घराला मी दिलेलं हाये. तुझ्याकडून चुकून माघारी आलं. दुसऱ्याचं कापड मी कसं शिवू? जपून ठिवलंय तुझं." ते पुढं म्हणाले, "कापडाच्या दुकानात मी येकदाच गेलो व्हतो, तुझ्या वास्तुशांतीला. लय येळ उभा व्हतो. तुला आकाशी आवडतं, म्हटलं त्याच्या जवळचं पन जरा हसरं बघावं."

मी ते खोकं मांडीवर घेऊन बसून राहिलो. इतकं वाईट मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं. या माणसाबरोबर कॉलेज रोडवर चालताना मी काचांमध्ये तोंड घालत होतो.

घरी येऊन मी मेधाला सगळं सांगितलं. तिनं लगेच सईला फोन लावला. सईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, मला भाऊ नाहीये. निनादचा कान कोण पिळणार?"

"अगं, तो विधी आपण काढून टाकलाय ना? मानपान नको म्हणून."

"मग परत घाला. मामाआजोबा पिळतील."

"सई, कान लहान भाऊ पिळतो. सत्तरीचा माणूस..."

"निनादचा कान आहे. त्याची हरकत असेल तर तो सांगेल," सई म्हणाली, आणि पलीकडून निनादचा आवाज आला, "माझी काही हरकत नाही, फक्त उजवा पिळा. डाव्यात हेडफोन घालून घालून दुखतो."

लग्नाच्या दिवशी लॉन्सवर सगळीकडं फिकट रंग पसरलेले. व्यवस्थेच्या बाई एकेकाला नजरेनं तपासत होत्या. माझ्यावरून त्यांची नजर न थांबता पुढं गेली आणि मामांवर खिळली. वर टेरिलीनचा सायीच्या रंगाचा शर्ट, खाली पिस्ता रंगाची जॉगर, पांढरे शूज. "काका, हा शेड कुठं मिळाला तुम्हाला?"

"दाजीचा कान पिळून," मामा म्हणाले आणि पुढं गेले.

गुरुजींनी "कानपिळ्या कोण आहे, पुढं या" असं म्हटल्यावर सगळ्यांनी कुठला तरी छोटा मुलगा येईल म्हणून खाली बघितलं. मामा उठले. त्यांना मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं, तरी त्यांना ते खरं वाटलं नव्हतं. ते निनादपाशी गेले आणि त्यांनी त्याचा उजवा कान हातात धरला. पिळला नाही. नुसताच धरून उभे राहिले.

"पिळा की," गुरुजी म्हणाले.

"पिळतो," मामा म्हणाले. मग निनादला हळूच म्हणाले, पण माइक जवळ होता म्हणून सगळ्या लॉन्सला ऐकू गेलं, "आमच्या पोरीला तुमच्या घरात कधी एकटं वाटू देऊ नका, जावईबापू. मी असो नसो, ह्यो कान ध्यानात ठिवा." आणि असा पिळला की निनाद खरोखर ओरडला. फोटोवाल्याला नीट मिळाला नाही म्हणून आणखी एकदा पिळावा लागला.

मग निनादनं पाटावरचा पीस उचलला, सईनं त्याला कुंकवाचं बोट लावलं आणि दोघांनी तो मामांच्या हातात दिला. पांढऱ्या सुती कापडावर बारीक निळी विमानं छापलेली होती. मामांनी चष्मा वर केला, हात फिरवला, एक विमान डोळ्यांजवळ नेलं. "शेपूट चुकलंय," ते म्हणाले. "आमच्या कारखान्यात ह्ये पास झालं नसतं." मग थोडं थांबून, "कुनी शोधलं?"

"मी गेलो होतो, आजोबा," कान चोळत निनाद म्हणाला. "मेनरोड सगळा पालथा घातला. तुमच्यासाठी विमानांचंच पाहिजे होतं."

तो पीस मामांनी काखेत दाबून धरला. जेवायला बसले तरी खाली ठेवला नाही. मी "द्या, मी सांभाळतो" म्हटलं तर माझ्याकडं असं बघितलं की मी मुकाट्यानं त्यांच्या पानात श्रीखंड वाढलं.

त्यानंतर मी मुश्ताकभाईंकडं गेलो. मोरपिशी पीस टेबलावर ठेवला आणि सांगितलं, कुंकवाचे दोन्ही डाग कॉलरच्या आत आले पाहिजेत. मुश्ताकभाईंनी माझ्या पोटाभोवती टेप टाकली, कापडाकडं बघितलं, परत पोटाकडं बघितलं. "साहब, पीस एका माणसाचा आहे. तुम्ही दीड आहात." पण बसवला त्यांनी. खिसा मात्र निघाला नाही.

रविवारी सकाळी सायकलची घंटी वाजली. मी दार उघडलं. दारात मामा उभे होते. वर निळी विमानं, खाली राखाडी जॉगर. छाती पुढं काढून त्यांनी शर्ट चिमटीत धरला. "ओळख, कोनाचं?"

मीही पोट जमेल तेवढं आत घेतलं, माझा शर्ट चिमटीत धरला आणि म्हणालो, "आधी तुम्ही ओळखा."

मामांनी मोरपिशी चौकडीकडं बघितलं. मग माझ्या पायांकडं. मी खाली मेधानं आणलेली ट्रॅक पँट घातली होती. ते जवळ आले. त्यांनी माझी कॉलर उलटी केली आणि आत बोट फिरवलं. एक ठिपका त्यांनी लावलेला, एक मेधानं. शेजारचं दार किलकिलं झालं. या वेळी मी मामांना आत ओढलं नाही. मामांचा हात माझ्या कॉलरवर तसाच होता.

"माझं," मामा म्हणाले. "माझं हाये ह्ये."

आणि शूज न काढताच आत आले.